पॉझिटिव्ह, पण किती?

रायपुरातल्या भनपुरीच्या प्रज्ञा रामटेकेवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. तान्हा पोळा होता. गल्लीत लेकरं लाकडाचे बैल ओढत फिरत होती आणि प्रज्ञा चौकातल्या एका मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर बाही वर करून बसली होती. तिला एकच तपासणी करायची होती. काउंटरवरच्या भैयाने दुसरीही गळ्यात मारली. अन्याय म्हटला की लोकांना लाठी दिसते, दरवाजा तोडणं दिसतं. इथे तसं काहीच नव्हतं. सुईसुद्धा नीट टोचली होती.

या अंकासाठी लिही म्हणून संपादककाका मागे लागले तेव्हा त्यांची एक अट होती : कामाचा अनुभव लिही, भाषण देऊ नको. मी लॅब टेक्निशियन आहे. सुटी झाली की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविरुद्ध प्रचाराचं काम करते, वस्त्यावस्त्यांत पत्रकं वाटते, ती लिहितेही मीच. त्यामुळे माझ्या कोणत्याही लिखाणात तिसऱ्या ओळीला मागणी येते. काकांनी खोडली नसेल तर ती तुम्हाला शेवटी सापडेल.

आधी आमच्याकडची एक रीत सांगते. आमच्या घरांत सोयरीक जुळवताना पत्रिका बघत नाहीत, सिकलचा रिपोर्ट बघतात. विदर्भातून रेल्वेच्या आणि प्लांटच्या नोकऱ्यांसाठी इकडे आलेली आमची बौद्ध घरं, आणि आमचे इथले छत्तीसगढी शेजारीही, या आजाराने पुष्कळ सोसलं आहे. नवरा आणि बायको दोघंही वाहक असले तर लेकरू आजारी जन्मू शकतं. म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासायचं आणि कागद एकमेकांना द्यायचे. हे आम्ही इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं. आता पारावर बसलेली आजीसुद्धा विचारते, "पोट्टीचा सिकल काढला का?" याचा मला गर्व आहे, तो मी लपवणार नाही.

पण ऐकताना लोकांनी एक जास्तीची गोष्ट ऐकली. रक्ताच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' दिसलं की ते जन्माचं, आईबापाकडून आलेलं आणि पुढे लेकरांत उतरणारं. सिकलच्या बाबतीत ही भीती रास्त आहे. बाकी तपासण्यांना ती लागू नाही, हे आम्ही कुठे लिहिलं नव्हतं, कारण कोणी तसं वाचेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रज्ञा सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये वजनकाट्यावर बसते. येणारा प्रत्येक ट्रक तिच्या खिडकीपुढे थांबतो. भिलाईच्या गजभियेंच्या निखिलशी तिचं जुळत आलं होतं आणि दसऱ्यानंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं होतं. तिचा जुना सिकलचा कागद घर बदलताना हरवला होता, तेवढ्यासाठी ती सेंटरवर गेली. काउंटरवर बोलता बोलता ती म्हणाली की पावसाळ्यात चिकनगुनिया झाला तेव्हापासून बोटं सकाळी आखडतात. भैयाचा चेहरा उजळला. सणाची ऑफर होती : 'जोडों का पैकेज', म्हणजे सांध्यांच्या तपासण्या, सिकलसोबत घेतलं तर निम्म्यात.

त्या पॅकेजमध्ये एएनए नावाची तपासणी होती. ती काय आहे ते सांगते, घाबरू नका. बाहेरच्या जंतूला पकडायला शरीर अँटिबॉडी बनवतं, हे कोरोनाने सगळ्यांना शिकवलं. कधी कधी शरीर स्वतःच्याच पेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडी बनवतं. त्या खूप झाल्या आणि कामाला लागल्या तर सांधे, कातडी, किडनी, काहीही धरतात. ल्युपस हा असाच एक आजार. एएनए त्या अँटिबॉडी शोधते. अडचण अशी की थोड्याफार अँटिबॉडी चांगल्या धडधाकट माणसांतही सापडतात, आणि ताप येऊन गेल्यावर काही दिवस रेंगाळूही शकतात. म्हणून इथे 'आहे की नाही' हा प्रश्न अर्धाच असतो. उरलेला अर्धा म्हणजे 'किती'.

सेंटरच्या कागदावर तो अर्धा नव्हताच. सिकल : निगेटिव्ह. त्याच्याखाली लाल ठळक अक्षरांत, एएनए : पॉझिटिव्ह. कोणत्या पद्धतीने केलं ते नाही, किती निघालं ते नाही. आणि रिवाजाप्रमाणे तिच्या वडिलांनी, रामटेकेकाकांनी, तो पूर्ण कागद फोटो काढून भिलाईला पाठवला. लपवाछपवी नको म्हणून. मोबाईलवर उत्तर आलं की घरात विचार करून कळवतो. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

पॅकेजमध्ये फोनवरचा एक डॉक्टरही फुकट होता. त्याने बोटं बघितली नाहीत, पेशाबाची तपासणी सांगितली नाही. ल्युपस म्हणाला आणि स्टेरॉईडच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या लिहून दिल्या. महिन्याभरात प्रज्ञाचा चेहरा सुजून गोल झाला. काट्यावरचे ड्रायव्हर म्हणू लागले, "मैडम, ससुराल जाने से पहले ही सेहत बना ली." ती हसून वजनाची पावती देत राहिली. घरी जाऊन आरसा उलटा करून ठेवला, असं तिची आई, रामटेकेकाकू, नंतर सांगत होत्या.

दसऱ्याच्या आसपास रामटेकेकाका आमच्या लॅबमध्ये आले. माझ्या वडिलांसोबत ते रेल्वेत होते, म्हणून आले. खुर्चीवर टेकले आणि सरळ पराते मॅडमना म्हणाले, "मॅडम, याले निगेटिव्ह करून द्या. पोरीचं लगन अडकून राहिलं."

पराते मॅडम आमच्या पॅथॉलॉजिस्ट. मला हे काम त्यांनी शिकवलं. मला काही येत असेल तर ते त्यांच्यामुळे, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे छापून टाकते. त्या काकांना म्हणाल्या की मी कोणाला निगेटिव्ह करत नाही आणि पॉझिटिव्हही करत नाही. पोरीला आणा, बघू. आणि गोळ्या आजही खाल्ल्या का, हे विचारलं.

प्रज्ञा संध्याकाळी ड्यूटीवरून आली. तिला मराठी कळते, बोलते हिंदीच. पहिला प्रश्न तिने लग्नाचा विचारला नाही. "मैडम, ये गोली बंद करूँ कि नहीं?"

"अपने मन से एक दिन भी नहीं," मॅडम म्हणाल्या. इतके दिवस घेतलेलं स्टेरॉईड एकदम तोडलं तर शरीर कोसळू शकतं. त्यांनी तिथूनच संधिवाताच्या डॉक्टरांना फोन लावून तिच्यासाठी वेळ घेतली.

तोवर माझं डोकं तापलं होतं. त्या सेंटरविरुद्ध पत्रकाचं शीर्षकसुद्धा मी मनात लिहून टाकलं होतं. मॅडमना म्हणाले, उद्याच छापते, चौकात लावते. त्या सॅम्पलवर नाव लिहीत होत्या. "आधी स्लाइड बघ," म्हणाल्या, "मग पत्रक. ती खरंच आजारी निघाली तर काय छापशील?"

मी सॅम्पल उचललं आणि आत गेले.

सेंटरची तपासणी मशीनची होती. मशीन एक आकडा काढतं आणि तो ठरलेल्या रेषेच्या वर गेला की पॉझिटिव्ह म्हणतं. रेषेला खेटून असो की मैलभर वर, शब्द तोच. आमच्याकडे जुनी, वेळखाऊ पद्धत आहे. काचेच्या स्लाइडवर गोल खिडक्या असतात, प्रत्येकीत पेशी चिकटवलेल्या. रक्तातलं सीरम पातळ करून त्यावर टाकायचं. अँटिबॉडी असतील तर त्या पेशींना चिकटतात. मग चमकणारा रंग लावायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हिरवं चमकलं तर आहे. मग सीरम आणखी पातळ करायचं, पुन्हा बघायचं. वरणात पाणी घालत जा आणि खारट कुठपर्यंत लागतं ते बघा, तसंच. एक वाटी पाण्यात खारटपणा मेला तर मीठ चिमूटभर होतं. घागर ओतली तरी खारटच लागत असेल तर कोणीतरी डबाच पालथा घातला.

प्रज्ञाच्या सीरमची पहिली खिडकी, ऐंशी पट पातळ केलेली : फिकट हिरवी, धुक्यासारखी. पुढची, एकशेसाठ पट : काळोख. संपलं. ल्युपसच्या पक्क्या रोग्यांचं सीरम यापेक्षा कितीतरी पातळ केलं तरी दिव्यासारखं पेटतं. पेशाब साफ निघाला, किडनी साफ, ल्युपसची जी खास अँटिबॉडी असते तीही नाही.

संधिवाताच्या डॉक्टरांनी तिची बोटं एकेक दाबून बघितली, तापाची हकीकत विचारली, आणि चिकनगुनियानंतरची सांधेदुखी आहे म्हणाले. ती हळूहळू जाते. गोळ्या पायरीपायरीने उतरवायचा कागद करून दिला. काकांनी त्यांना विचारलं की मग पॉझिटिव्ह का आलं. डॉक्टर म्हणाले, "काका, मैं पेशंट का इलाज करता हूँ, कागज का नहीं." अशी माणसं रायपुरात आहेत हेही छापलं पाहिजे, नाहीतर लोक समजतील की मला फक्त शिव्याच देता येतात.

आता रिपोर्ट द्यायची वेळ आली आणि काका पुन्हा अडले. आमच्या कागदावर मॅडमनी लिहिलं होतं : अगदी कमी प्रमाणात पॉझिटिव्ह, पद्धत ही, पातळी ही, निरोगी व्यक्तींतही आढळू शकते. काका म्हणाले, एवढं सारं कोण वाचते, ते लोक एकच शब्द पाहतील. माझं मनही काकांच्या बाजूने गेलं होतं. मुलगी निरोगी आहे, शब्द बदलला तर कोणाचं काय जातं. मॅडमनी चष्मा काढला. "मागच्या वर्षीची उरकुडेताई आठवते का?"

आठवत होती. तिच्या सॅम्पलवर मशीनने निगेटिव्ह दिलं होतं. तिच्या डॉक्टरांना पटलं नाही, पायांवर सूज होती, म्हणून त्यांनी आमच्याकडे स्लाइड मागितली. ती शेवटच्या खिडकीपर्यंत पेटली. किडनीवर हल्ला सुरू होता. वेळेवर औषध मिळालं आणि आज ती बाई बऱ्यापैकी बरी आहे. त्या दिवशी स्लाइड न बघता मॅडमनी मशीनचाच शब्द छापला असता तर? मॅडम एवढंच म्हणाल्या की उरकुडेताईसाठी जो कागद खरा राहिला, तोच प्रज्ञासाठी खोटा करता येत नाही.

कागद तसाच भिलाईला गेला. काका म्हणाले तसंच झालं. पण फोन आला नाही, गजभिये मावशी स्वतः आमच्या लॅबमध्ये आल्या. निखिलची आई. मी त्यांना ओळखत होते. आमची सिकलची पत्रकं भिलाईत त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्याच वाटतात, आणि वाटतात म्हणजे दारात उभं राहून वाचून दाखवतात. पर्स मांडीवर ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या.

"पत्रक तूच लिहिलं न व? पॉझिटिव्ह असन तर थांबा, तपासा, भावनेत वाहू नका. म्या शंभर घरी वाचून दाखवलं. आता माह्या घरची येळ आली तं तू काहून पलटून राहिली?"

मी समजवायला गेले. सिकल वेगळं, हे वेगळं, वरण, मीठ, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण मान हलत नव्हती. आमचीच शिष्या होती, अशी कशी हलेल? प्रज्ञा त्या दिवशी पुढचा डोस उतरवण्याच्या आधीच्या तपासणीसाठी आली होती. कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. सुजलेलं तोंड ओढणीत लपवायचाही तिने प्रयत्न केला नाही.

पराते मॅडम आतून आल्या. मावशींना म्हणाल्या, तुम्ही वाचून दाखवता ना, मग आज बघून घ्या. प्रज्ञाला विचारलं की चालेल का. "दिखाइए," ती म्हणाली, "मुझे भी देखना है." नवी स्लाइड काढली. एका खिडकीत पक्क्या आजाराचं सीरम, ते तुलनेसाठी प्रत्येक वेळी टाकावंच लागतं. दोन खिडक्या प्रज्ञाच्या. उरलेल्या दोन बघून मॅडम मला म्हणाल्या, "तुझं रक्त दे."

स्लाइड तयार व्हायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात मावशींनी पिशवीतून डबा काढला आणि तिखट पुऱ्या सगळ्यांपुढे धरल्या, प्रज्ञापुढेही. तिने घेतली. ती पुरी चावल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग अंधारी खोली. मावशी स्टुलावर बसल्या, एक डोळा मिटला. पहिली खिडकी, पक्क्या आजाराची. "अगं माय," म्हणाल्या, "हे तं बल्बाची माळ लावल्यासारखं दिसते." दुसरी, प्रज्ञाची. "काही तरी आहे. पुसल्यासारखं." तिसरी, प्रज्ञाचीच पण पातळ केलेली. "काही नाही." चौथी, माझी. "हे हिच्यासारखंच." पाचवी, माझीच पातळ केलेली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मान वर करून अंधारातच माझ्याकडे वळल्या.

"तू तं हिच्याहून जास्त चमकून राहिली व बाई."

मी डोळा लावला. खरंच होतं. प्रज्ञा जिथे विझली होती तिथे मी अजून हिरवी होते. मला बोटं दुखत नाहीत, ताप नाही, चार-चार मजले चढून पत्रकं टाकते. तरी खिडकीचा नंबर मी दोनदा तपासला. लोकांना समजवताना 'निरोगी माणसांतही आढळते' हे वाक्य मी किती सोपेपणाने बोलत होते, ते त्या स्टुलावर कळलं.

"तुले काही होते का?" मावशींनी विचारलं.

"काही नाही, मावशी."

"लगन झालं?"

"नाही."

"मंग हा कागद कोणाले दाखवू नको."

सगळ्यात आधी प्रज्ञा हसली. मग मॅडम. मग ज्यांनी हे म्हटलं त्या मावशीच, आपण काय बोललो ते कळून. बाहेर उजेडात आल्यावर त्यांनी खरा प्रश्न विचारला, जो इतके दिवस कोणी तोंडावर विचारला नव्हता : "मॅडम, हे लेकरात उतरन का?" मॅडमनी सांगितलं की सिकल जसं आईबापाकडून वाट्याला येतं तसं हे नाही. आणि प्रज्ञाला आज कोणताच असा आजार नाही. पुढे त्रास झाला तर डॉक्टर बघतील, जसं कोणालाही बघतात. मावशींनी मान डोलावली. या वेळी ती हलली.

तेव्हा प्रज्ञा बोलली. आवाज चढवला नाही. "मावशीजी, मेरा सिकल का रिपोर्ट तो आपने देख लिया. निखिल का अभी तक नहीं आया."

शंभर घरी पत्रक वाचून दाखवणाऱ्या बाईने स्वतःच्या पोराचं रक्त तपासलं नव्हतं. मुलाकडचे होते ना ते. मावशी लाल झाल्या. मला वाटलं आता उठून जातील. त्या म्हणाल्या, "चूक आहे आमची." आणि दुसऱ्याच दिवशी निखिलला घेऊन आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, ओळखीने पुढे घुसल्या नाहीत.

निखिल वाहक निघाला. प्रज्ञा नाही, त्यामुळे लग्नाला अडचण नव्हती. लेकरांत उतरू शकणारी गोष्ट एवढे दिवस त्या घरात होती आणि सगळे या घराकडे बोट दाखवत होते. निखिलने स्वतः प्रज्ञाला ते सांगितलं आणि विचारलं की आता तुला विचार करायला वेळ पाहिजे का. "हव," ती म्हणाली, "दो दिन." दोन दिवस तिने घेतले, मला वाटतं फक्त घ्यायचे म्हणून घेतले. लग्न बुद्धपौर्णिमेनंतर झालं. मी जेवायला होते. मावशींनी पंगतीत मला आपल्या बाजूला बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या की हीच ती, चमकणारी.

सगळं चांगलं झालं असं मी लिहिणार नाही. गोळ्या उतरल्या, चेहऱ्याची सूजही उतरली, पण पोटावर आणि दंडांवर ताणाच्या खुणा राहिल्या. बोटांची आखड थंडीपर्यंत टिकली आणि मग गेली; तिला एवढ्या औषधाची गरज कधीच नव्हती. त्या सेंटरला मी लिहिलं. उत्तर आलं की रिपोर्ट मशीनने प्रमाणित आहे. पत्रकही छापलं, स्लाइड बघितल्यानंतर, आणि त्यात खोटा एक शब्द नाही, म्हणून ते कोणी फाडलं तरी मला झोप लागते. सेंटर आजही तसंच लाल अक्षरांत छापतं. तेलीबांध्याकडचे एक गृहस्थ दर वर्षी गाडीच्या सर्व्हिसिंगसारखी एएनए करून आमच्याकडे दुसरं मत घ्यायला येतात, आणि दर वर्षी मॅडम त्यांना विचारतात की दुखतं कुठे. कुठेच नाही म्हणतात.

तरीही या कामाने मला जेवढं दिलं तेवढं चळवळीने एकटीने दिलं नसतं. खरं बोलताना 'किती' हे जोडायला मी त्या अंधाऱ्या खोलीत शिकले. पराते मॅडम, न बघता गोळी न लिहिणारे ते डॉक्टर, चूक आहे म्हणणाऱ्या मावशी, आणि माझं नाव घालून लिही म्हणणारी प्रज्ञा. यांचे उपकार मी फेडू शकत नाही, म्हणून तुम्हाला कामाला लावते.

आमच्या सिकलच्या पत्रकात आता एक ओळ वाढली आहे : सोयरिकीत फक्त सिकलचा कागद द्या आणि घ्या, दोन्हीकडून. पण नको तो कागद जन्माला येण्याआधीच तुम्ही थांबवू शकता. उद्या लॅबच्या काउंटरवर कोणी तुम्हाला न मागितलेली तपासणी देऊ लागला, तर विचारा की ही कोणत्या डॉक्टरने, माझ्या कोणत्या त्रासासाठी लिहिली. उत्तर 'पैकेज में है' असं आलं, तर बाही खाली करा आणि घरी या.